मोठ्या आरसी (रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या) विमानांची पेट्रोल इंजिनं: देखभाल, दुरुस्ती आणि सुधारणा (ठाणे-नवी मुंबईसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही उत्तरं २० ते १२० सीसीच्या टू-स्ट्रोक, स्पार्क प्लगवाल्या इंजिनांसाठी आहेत: डीएलई, डीए, झेनोआ, थ्रीडब्ल्यू वगैरे कंपन्यांची. आकडे साधारण सगळीकडे चालणारे दिले आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचं ऐका.

इंजिन मागच्या महिन्यापर्यंत मस्त चालत होतं. आता सुया कितीही फिरवल्या तरी ताळ्यावर येत नाही. बिघाड कुठे शोधायचा?

सुयांमध्ये नाही. सुई म्हणजे कार्ब्युरेटरवरचा मिश्रण कमीजास्त करायचा स्क्रू. ती स्प्रिंगने धरलेली असते, आपणहून फारशी हलत नाही. काल बरोबर असलेलं सेटिंग आज चुकतंय, म्हणजे दुसरं काहीतरी बदललंय, आणि ते बहुतेक वेळा इंधनाच्या वाटेवर असतं. ती वाट न बघता सुया पिळत बसणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

टाकीपासून निघा. क्लंक म्हणजे टाकीत इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन. त्याची आतली नळी दोन बोटांत दाबून बघा. कडक झाली असेल किंवा नाकावर झालेल्या लँडिंगनंतर क्लंक पुढे जाऊन अडकला असेल, तर टाकी भरलेली असताना इंजिन चालतं आणि अर्धी झाली की बंद पडतं. क्लंकला फेल्टचा फिल्टर असेल तर तो कचऱ्याने भरलाय का पाहा. मग टाकी बाहेर काढा, एक सोडून सगळ्या नळ्या बंद करा, बादलीत बुडवा आणि उरलेल्या नळीतून हलकेच फुंका. बुडबुडे दिसले की चोर सापडला. बहुतेकदा तो रबरी बुचापाशी किंवा पितळी नळीच्या टोकाशी असतो. नळीवर साधा झिप-टाय पुरत नसेल तर पितळी नळीच्या टोकाला छोटी कडी डाग देऊन बसवा.

पुढे कार्ब्युरेटर. बहुतेक वॉल्ब्रो कंपनीच्या कार्ब्युरेटरांमध्ये आणि त्यांच्या नकलांमध्ये एका स्क्रूच्या झाकणाखाली पंपाचा डायफ्राम (पातळ लवचीक पडदा) असतो, आणि त्याच्या खाली नखाएवढी बारीक जाळी. ही जाळी आहे हेच अनेकांना माहीत नसतं. टाकी बनवताना आत राहिलेला प्लॅस्टिकचा भुगा शेवटी इथेच येऊन बसतो. जाळी टाचणीने अलगद उचला, पेट्रोलने धुवा, परत दाबून बसवा.

शेवटी पल्स. पंपाचा डायफ्राम क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालतो, आणि तो दाब कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेल्या एका बारीक भोकातून येतो. गॅस्केट बदलताना ते उलटं बसलं तर भोक झाकलं जातं. मग इंजिन चोकवर दोन सेकंद पेटतं आणि मरतं, पुन्हा पेटतं आणि मरतं. कार्ब्युरेटर नुकताच उघडला असेल आणि हे लक्षण दिसत असेल, तर आधी गॅस्केट पाहा.

डायफ्राम कधी बदलायचे आणि कसे?

आपल्याकडच्या पेट्रोलवर वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, चांगला दिसत असला तरी. नवा मीटरिंग डायफ्राम (इंधन मोजून सोडणारा पडदा) कांद्याच्या पापुद्र्यासारखा लुळा असतो. जुना बोटाने दाबला की टिकटिक आवाज करतो. तो आवाज आला की त्याचे दिवस भरले.

किट घेताना इंजिनाचं नाव सांगून उपयोग नाही. कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेली अक्षरं वाचून घ्या. गवत कापायच्या मशीनची आणि चेनसॉची दुरुस्ती करणाऱ्यांकडे ही किटं मिळतात, कारण कार्ब्युरेटर त्याच कुळातले आहेत.

पांढरं कापड अंथरा, त्यावर काम करा, उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. क्रम चुकण्याची जागा एकच आहे. पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम, त्यावर गॅस्केट, मग झाकण. मीटरिंगच्या बाजूला उलट: आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम, मग झाकण. मीटरिंगच्या बाजूला इनलेट सुई आणि तिची छोटी तरफ असते. तरफेचा स्क्रू सोडताना अंगठा वर ठेवा, खालची स्प्रिंग उडाली की फरशीवर शोधत बसाल. नवी सुई बसवल्यावर तरफेची उंची वॉल्ब्रोच्या पत्र्याच्या गेजने मोजा. तरफ वर राहिली तर पेट्रोल जास्त येतं, आयडलला (सर्वांत मंद चालताना) इंजिन धूर ओकतं आणि उभं ठेवल्यावर कार्ब्युरेटरमधून गळतं. खाली राहिली तर इंजिन थ्रॉटल दिल्यावर अडखळतं. वाकवताना सुईवर दाब देऊ नका, तिचं टोक खराब होतं.

साफ करायला स्प्रे वापरताना डायफ्राम, सुई आणि सगळं रबर बाहेर काढलेलं हवं. जेटच्या भोकात तार घालायची नाही. बारीक भोक एकदा मोठं झालं की कार्ब्युरेटर गेला.

पेट्रोल ई२० झाल्यापासून नेमकं काय बदललं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही आपल्या इंजिनाच्या मुळावर येणाऱ्या.

पहिली, मिश्रण. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. सुया जुन्याच जागी राहिल्या तर इंजिन लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) चालतं, तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये इंधन कमी म्हणजे तेलही कमी. गाडीतला संगणक हे आपोआप सांभाळतो. आपल्याकडे संगणक म्हणजे हातातला स्क्रूड्रायव्हर.

दुसरी, पाणी. इथेनॉल हवेतली वाफ ओढतं, आणि जुलैत खाडीकाठच्या हवेत वाफेला तोटा नसतो. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन डब्याच्या तळाशी वेगळा थर धरतात. टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. क्लंक कुठे असतो? तळाशी. म्हणजे इंजिनाला जातं ते बिनतेलाचं पाणचट इथेनॉल. एवढ्यावर पिस्टन घासला जाऊ शकतो.

तिसरी, रबर. डायफ्राम लवकर कडक होतात, इंधनासाठी नसलेल्या नळ्या फुगतात, आणि महिनोनमहिने इंधन साचलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पांढरी भुकटी धरते. ग्लो इंजिनाची (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाची) सिलिकॉन नळी पेट्रोलला तशीही चालत नाही, ती फुगून मऊ होते. पिवळी टायगॉन किंवा काळी व्हिटॉन वापरा. टायगॉनही कालांतराने कडक होते, दरवर्षी बदला. मीटरभर नळीला इंजिनाच्या किमतीच्या मानाने काहीच लागत नाही.

पंपावरचं १०० ऑक्टेनवालं पेट्रोल घेतलं तर हा त्रास मिटेल?

ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या इंजिनांना १०० ऑक्टेनची गरज नाही, त्याने ताकद वाढत नाही. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर मात्र जास्तीचे पैसे वसूल आहेत. पाटीवर विश्वास न ठेवता घरी तपासा.

१०० मिलीचा काचेचा मोजपात्र-नळा घ्या, बूच बसेल असा. त्यात १० मिलीच्या रेघेपर्यंत पाणी आणि शाईचा एक थेंब. वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. बूच लावा, हळू हलवा, मधेमधे बूच सैल करून दाब सोडा, मग मिनिटभर जोरात. दहा मिनिटं ठेवून द्या. खालचा रंगीत थर १० च्या रेघेवरच राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर ९० मिली पेट्रोलात १८ मिली इथेनॉल असतं आणि त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर २० च्या बराच वर चढलेला दिसतो. हे उघड्या गॅलरीत करा, गॅसची शेगडी आणि देवघरातली समई विझवून.

याच युक्तीने पाण्याने धुऊन इथेनॉल काढता येतं, आणि तसं करणारे आहेत. आमचं मत: नको. इथेनॉल गेल्यावर ऑक्टेन उतरतं, पेट्रोलात थोडं पाणी राहून जातं, आणि उरलेलं ज्वालाग्राही पाणी टाकायचं कुठे? सोसायटीच्या गटारात तर नाहीच. ई२० वरच सुया नीट लावून, ताजं पेट्रोल वापरून इंजिन वर्षानुवर्षं चालतं.

तेल कोणतं आणि किती?

हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचं, डब्यावर जासो एफडी लिहिलेलं. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ तेल नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या, कमी तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं. जुन्या स्कूटरचं स्वस्त तेल चालतं, पण रिंगच्या खाचेत आणि मफलरमध्ये काजळी धरतं.

एका लिटर पेट्रोलला: ३०:१ साठी ३३ मिली, ३२:१ साठी ३१, ४०:१ साठी २५, ५०:१ साठी २०. डीएलईच्या इंजिनांना ३०:१ ठेवा. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच ४०:१ किंवा पुढे जा. नवं इंजिन असेल तर पहिल्या चार-पाच लिटर पेट्रोलात तेल जास्तीचंच असू द्या. त्या काळात जमिनीवर पूर्ण थ्रॉटलवर धरून ठेवू नका. उडवताना थ्रॉटल खालीवर करत राहणं हेच खरं रनिंग-इन.

माप औषधाच्या सिरिंजने घ्या. डब्याच्या झाकणाने मोजलेलं तेल कधीच दोनदा सारखं येत नाही. मिसळलेल्या डब्यावर तारीख लिहा, महिन्याभरात संपलं नाही तर ते इंजिनात घालू नका.

सुया कशा लावायच्या?

एल म्हणजे आयडल आणि तिथून उठण्याची सुई, एच म्हणजे पूर्ण थ्रॉटलची. घड्याळाच्या दिशेने फिरवली की मिश्रण लीन, उलट फिरवली की रिच (इंधन जास्त). दोन्ही हलकेच बंद करा (घट्ट नाही, सुईचं टोक जागेत रुतून खराब होतं) आणि दीड-दीड आटा उघडा. एवढ्यावर इंजिन पेटायला हवं.

दोनतीन मिनिटं चालवून गरम करा. आधी एल. आयडलवर थ्रॉटल झटकन पूर्ण उघडा. इंजिन ‘भक्’ करून मेलं किंवा दचकून मग उठलं तर लीन, एल थोडी उघडा. बडबडत, धूर सोडत, जडपणे उठलं तर रिच, थोडी बंद करा. एका वेळी आट्याचा आठवा भाग, त्याहून जास्त कधीच नाही. प्रत्येक वेळी थ्रॉटल दोनदा मारून इंजिनाला नवं मिश्रण पोचू द्या. घाई इथेच नडते.

मग एच. पूर्ण थ्रॉटल, टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) लावून. सुई बंद करत आरपीएम सर्वांत वर जाईपर्यंत न्या, मग १५० ते २०० आरपीएम उतरेपर्यंत उघडा. टॅको नसेल तर आवाजावर भागतं, पण कान चुकतो आणि चूक नेहमी लीनच्या बाजूला होते, कारण लीन इंजिनाचा आवाज जास्त धारदार, जास्त ‘मस्त’ वाटतो. मग पुन्हा एल बघा. पूर्ण थ्रॉटललाही थोडं इंधन त्या वाटेने जातं, त्यामुळे एक हलवली की दुसरी थोडी सरकते.

शेवटी सहकाऱ्याला विमान घट्ट धरून नाक वर करायला सांगा, पूर्ण थ्रॉटलवर दहा सेकंद. आवाज चढत जाऊन मग पडला तर एच लीन आहे.

एप्रिलमध्ये लावलेल्या सुया जानेवारीत चालतील का? आणि ठाण्यात लावलेल्या पुण्यात?

एप्रिलच्या दुपारी हवा विरळ असते, जानेवारीच्या सकाळी दाट. दाट हवेत ऑक्सिजन जास्त, इंधन मात्र तेवढंच, म्हणून उन्हाळ्यात लावलेलं इंजिन थंडीच्या सकाळी लीन होतं. डिसेंबरच्या पहिल्या उड्डाणाआधी दोन्ही सुया आठवा भाग उघडून सुरुवात करा. पुण्याचं उलट: ते समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, तिथली हवा विरळ, म्हणून ठाण्यातलं सेटिंग तिथे किंचित रिच पडतं. रिच पडलं तर नुकसान नाही, फक्त ताकद थोडी कमी. तिथे सुया बंद केल्यात आणि परत आल्यावर जागेवर आणायला विसरलात तर मात्र नुकसान.

स्टँडवर इंजिन उत्तम, काऊल (इंजिनावरचं आवरण) लावला की बिघडतं. का?

दोन कारणं, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

एक: मीटरिंग डायफ्रामच्या झाकणाला बारीक भोक असतं. डायफ्राम त्या भोकातून बाहेरच्या हवेचा दाब ‘वाचतो’. काऊलच्या आत वेगानुसार हवेचा दाब बदलतो, डायफ्राम फसतो आणि उंचीवर, वेगात मिश्रण भरकटतं. उपाय स्वस्त आहे. झाकण काढा (डायफ्राम बाजूला ठेवून), भोकावर छोटी पितळी नळी डागा किंवा इपॉक्सीने बसवा, आणि तिला इंधनाची नळी लावून फायरवॉलमधून (इंजिन जिच्यावर बसतं त्या भिंतीतून) फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत, शांत हवेत न्या. सुधारणांची क्रमाने यादी केली तर ही पहिली. पन्नास रुपयांच्या सामानात हजारो रुपयांच्या पाइपपेक्षा जास्त गुण.

दोन: थंडावा. पुढून हवा आत येते, पण सिलिंडरच्या बाजूने पळून जाते, कारण तिला तोच सोपा रस्ता असतो. पातळ प्लाय किंवा बाल्साच्या पाट्यांनी असा बंदिस्त मार्ग करा की हवेला फिनमधूनच (सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पात्यांमधूनच) जावं लागेल. पाटी आणि फिन यांच्यात चारपाच मिलिमीटरच जागा ठेवा. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेच्या किमान दुप्पट हवी, अडीचपट उत्तम. गरम हवा फुगते, तिला जागा लागते. पुढचं तोंड मोठं करून भागत नाही. हवा कोंडली की मोठं तोंड फक्त ओढ वाढवतं. इंजिन दोन सिलिंडरचं असेल आणि एकच सिलिंडर तापत असेल, तर पाट्या दोन्हीकडे सारख्या आहेत का मोजा.

प्लग आणि इग्निशनचं काय बघायचं?

या इंजिनांत बहुतेक ठिकाणी १० मिमीचा एनजीके सीएम-६ असतो. गॅप ०.४ ते ०.५ मिमी, फीलर गेजने. चहासारखा तपकिरी रंग चांगला, काळा ओला म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. पण ई२० वर प्लग थोडा फिकटच दिसतो, त्यामुळे फक्त रंगावरून सुया हलवू नका.

कॅपच्या आतली पातळ कडी प्लगच्या षटकोनाला घट्ट बसली पाहिजे. ती सैल झाली की ठिणगीचा रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि सर्वो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर) थरथरतात. प्लग बाहेर काढून ठिणगी तपासताना प्लगचं अंग इंजिनाला टेकलेलंच हवं. प्लगशिवाय किंवा अधांतरी प्लगवर इग्निशन चालवलं तर इग्निशनचा मॉड्यूल जळतो.

बॅटरी स्वतंत्र ठेवा. मॉड्यूलवर लिहिलेल्या व्होल्टेजपुढे जाऊ नका. जुने मॉड्यूल ४.८ ते ६ व्होल्टचे, त्यांना दोन सेलची लायपो बॅटरी थेट लावली तर ते मरतात. एका सिलिंडरला साधारण अर्धा अँपिअर धरा. बॅटरी उतरत आली की इंजिन उलटं झटका मारतं, बोटावर. असा झटका बॅटरी भरलेली असताना आला तर प्रॉप बसतो त्या हबमधला चुंबक सैल झालाय का आणि सेन्सरची पट्टी सरकलीय का बघा.

रेंज कमी होते, सर्वो थरथरतात. रिसीव्हर बदलू का?

आधी अंतर मोजा. इग्निशन, त्याची बॅटरी, स्विच आणि वायर एका टोकाला, रिसीव्हर दुसऱ्या टोकाला, मध्ये किमान ३० सेमी. थ्रॉटलचा रॉड धातूचा असेल तर बदला: धातूवर धातू घासला की गोंगाट होतो, आणि तो रॉड इंजिनापासून थेट रेडिओपर्यंतची अँटेनाच. नायलॉनचा रॉड आणि बॉल लिंक लावा.

ऑप्टिकल किल स्विच लावा, म्हणजे रिसीव्हर आणि इग्निशन यांच्यात वायरऐवजी प्रकाश जातो. फेलसेफवर (सिग्नल तुटल्यावर) इग्निशन बंद होईल असं ठेवा आणि दर उड्डाणाच्या दिवशी एकदा, विमान बांधलेलं असताना, ट्रान्समीटर बंद करून खात्री करा. ही दुसरी सुधारणा. आरपीएम वाढवायचा विचार हिच्यानंतर.

प्रॉप (प्रोपेलर) कोणता? आणि बोल्ट सारखे सैल का होतात?

२० सीसीला १६×८, ३० सीसीला १८×८ किंवा १९×८, ५५ सीसीला २२×८ किंवा २३×८, शंभराच्या वर २७×१० किंवा २८×१०. इंच आहेत, पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा. ५५ सीसीने २२ इंचावर जमिनीवर साधारण ६५०० ते ७००० दिले की समाधान माना.

लाकडी प्रॉप पावसाळ्यात फुगतो आणि नोव्हेंबरमध्ये आकसतो. ऑगस्टमध्ये घट्ट केलेले बोल्ट डिसेंबरमध्ये सैल सापडतात, आणि सैल प्रॉप हबवर घासत बोल्टची मान कापतो. पहिल्या उड्डाणानंतर, मग दर उड्डाणाच्या दिवशी, समोरासमोरच्या जोड्यांत थोडंथोडं आवळा. लाकूड दबून हबचा ठसा खोल उमटला असेल तर तो प्रॉप भिंतीवर टांगा. भोकं हाताने पाडू नका, ड्रिल गाइड वापरा, नाहीतर प्रॉप कितीही बॅलन्स केला तरी थरथर जात नाही.

मफलरच्या बोल्टांचं वेगळं दुखणं आहे. निळा थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) तिथल्या उष्णतेत टिकत नाही. पाचर-वॉशर वापरा किंवा बोल्टच्या डोक्याला भोक पाडून तार बांधा.

पावसाळ्यात चार महिने विमान घरात पडून राहतं. काय करून ठेवायचं?

टाकी रिकामी करा, इंजिन सुरू करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या. प्लग काढा, सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोकचं तेल चहाच्या चमच्याएवढं, प्रॉप हाताने दहाबारा वेळा फिरवा, पिस्टन वर आणून एक्झॉस्टचं तोंड बंद होईल असा थांबवा. कार्ब्युरेटर आणि मफलर दोन्हींच्या तोंडाला प्लॅस्टिक आणि रबरबँड. इंजिन काढता येत असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. घोडबंदर रोड असो की नेरूळ, खिडकी उघडी ठेवून विमान भिंतीला टांगलं तर ऑक्टोबरमध्ये बेअरिंगमध्ये गंज नक्की. इंजिन महिन्यातून एकदा ‘पाच मिनिटं चालवून’ ठेवणं मात्र टाळा. पाच मिनिटांत ते पूर्ण तापत नाही आणि जळताना तयार झालेलं पाणी आतच राहतं.

बेअरिंग घरी बदलता येतात का?

येतात, पण ठोकून नाही. प्रॉप हाताने फिरवताना खरखर लागते, किंवा प्रॉपचं टोक खालीवर हलवलं की हबला खेळ जाणवतो, तेव्हा वेळ झाली. जुन्या बेअरिंगवर छापलेला नंबर घ्या आणि सी३ क्लिअरन्सचंच मागा, साध्या क्लिअरन्सचं बेअरिंग तापल्यावर आवळतं. कुठली बाजू झाकलेली, कुठली उघडी, हे जुन्यासारखंच हवं. क्रँकच्या बेअरिंगला तेल मिश्रणातूनच मिळतं, आणि पुढचं सील क्रँककेसचा दाब धरून ठेवतं. सगळीकडून बंद बेअरिंग आत घातलं तर ते कोरडं पडतं.

क्रँककेस मोकळी करून १२० ते १५० अंशांवर तापवा, जुनं बेअरिंग लाकडावर आपटल्यावर खाली पडतं. नवं तासभर फ्रीझरमध्ये ठेवून गरम केसमध्ये सरळ सोडा. जेवणाचा ओव्हन यासाठी नको. तेलाचा वास आठवडाभर पोळीला येतो आणि घरात इंजिनाचं नाव काढायची सोय राहत नाही. क्रँक दाबून जोडलेली असेल आणि कनेक्टिंग रॉडच खिळखिळा असेल तर हात घालू नका. वागळे इस्टेट किंवा रबाळ्यात उत्तम लेथवाले आहेत, तुटलेला आटा हेलिकॉइलने भरून देतील, पण क्रँक सरळ बसवणं हे वेगळं काम आहे.

जोडल्यावर केस पुन्हा हवाबंद आहे का बघा. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबराने बंद करा, पल्सच्या भोकातून हलका दाब द्या, जोडांवर साबणाचं पाणी. इथे एकही बुडबुडा दिसला तर पुढे ‘सुया लागत नाहीत’ असं म्हणायची पाळी येणारच.

एक्झॉस्टमधून पिस्टनवर उभ्या रेघा दिसतात. रिंग बदलून भागेल?

रेघेत नख अडकत नसेल तर भागेल. नख अडकत असेल तर पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलंय. क्रोमचा थर असलेल्या सिलिंडरला ॲसिड लावू नका, थरच निघून जातो. रिंग घालताना तिचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर बरोबर बसवा, नाहीतर सिलिंडर खाली ओढताच ती तुटते. रेघा बहुतेकदा एक्झॉस्टच्या बाजूला असतात. याचं कारण रिंग नसते, कारण लीन मिश्रण किंवा कोंडलेली हवा असते. ते दुरुस्त न करता नवी रिंग म्हणजे नवी रेघ.

ताकद वाढवायची आहे. ट्यून्ड पाइप, कार्बनच्या रीड, मोठा कार्ब्युरेटर?

कॅनिस्टर (डब्यासारखा मफलर) आवाज कमी करतो आणि ठरावीक आरपीएमला ताकदही देतो, पण हेडर (इंजिनातून निघणारी एक्झॉस्टची नळी) ते कॅनिस्टरची लांबी इंजिन बनवणाऱ्यांनी सांगितलेलीच ठेवा, आणि फ्यूजलाजच्या पोटात त्याच्या भोवतीही हवा फिरायला हवी. हा खर्च सोसायटी आणि मैदानाचे शेजारी दोघांच्या दृष्टीने पटण्याजोगा. ट्यून्ड पाइप लावल्यावर प्रॉप आणि सुया दोन्ही नव्याने.

रीड (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या पातळ पट्ट्या) जुन्या असतील, टोकाशी चिरल्या असतील किंवा बसल्यावर उजेडात फट दिसत असेल तर बदला. सुरू होणं आणि आयडल सुधारतं. नव्या, धडक्या रीड काढून कार्बनच्या लावल्याने विमानात फरक कळेलच असं नाही. मोठा कार्ब्युरेटर बहुधा आयडल बिघडवतो. त्या पैशात पुढच्या आकाराचं इंजिन जास्त शहाणपणाचं, फक्त फायरवॉल आणि वजनाचा तोल आधी तपासा.

ठाण्यात, नवी मुंबईत इंजिन चालवून कुठे बघायचं? पेट्रोल कसं न्यायचं?

गच्चीवर नको. ५५ सीसीचा आवाज तीन इमारतींपलीकडे जातो, आणि स्टँडवरून सुटलेला प्रॉप कुठे जाईल ते सांगता येत नाही. खाडीकाठही नको: ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळ आहे. येऊर वन्यजीवांचं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपेक्षा वर उडवायला परवानगी लागते, त्याहून जवळ नियम आणखी कडक. उलवे, खारघर, पनवेलच्या ओळखीच्या मैदानांचा सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर पुन्हा शोध घ्या. मुरबाड, शहापूरच्या बाजूला मालकाची परवानगी घेतलेलं मोकळं शेत केव्हाही बरं.

पेट्रोल धातूच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, गाडीच्या डिकीत, उभं. परवान्याशिवाय विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण फ्लॅटमध्ये दोन लिटरच्या वर ठेवायचं कारणच नाही. लोकलमधून अजिबात नाही, टाकीत उरलेलं घोटभरही नाही: रेल्वेच्या कायद्याने तो गुन्हा आहे. विमान रेल्वेने न्यायचंच असेल तर टाकी आदल्या दिवशी रिकामी करा, बूच काढून रात्रभर उघड्या हवेत वाळू द्या.

एकट्याने इंजिन सुरू करता येईल का?

नाही. एकाने शेपटाकडून धरायचं, किंवा खुंटीला बांधायचं, दुसऱ्याने चामडी हातमोजा घालून प्रॉप फिरवायचा. चोक बंद, इग्निशन चालू, थ्रॉटल किंचित उघडा, ‘पॉप’ आवाज येईपर्यंत फिरवा, मग चोक उघडून पुन्हा फिरवा. पॉप झाल्यावरही चोकवरच फिरवत राहिलात तर इंजिन पेट्रोलने भरतं. मग प्लग काढून पुसा, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद ठेवून दहा-वीस वेळा फिरवून वाळू द्या. सुरू झालं की प्रॉपच्या मागे जा, आणि सुया मागूनच फिरवा. समोरून हात घालून सुई फिरवणाऱ्याला मैदानावर कोणीतरी ओरडलंच पाहिजे.